वाकवल्यावर नॅनो-फिल्मचा रेझिस्टन्स मूळ जागी येत नाही? काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

लक्षणं

फिल्म बसवलेली लवचीक पट्टी वाकवली, रेझिस्टन्स वाढला. सरळ केली, उतरला. पण मूळ आकड्यावर आला नाही, थोडा वरच राहिला. पुढच्या फेरीत आणखी थोडा वर. दहा फेऱ्या झाल्या की आलेख जिन्यासारखा चढलेला असतो. ग्राफीन (कार्बनचा एका अणूइतका जाड थर) असो, मॉलिब्डेनम डायसल्फाइड (थराथरांचा अर्धवाहक) असो, चांदीच्या नॅनोवायरची जाळी असो की ५० नॅनोमीटर जाडीची सोन्याची फिल्म, लवचीक पट्टीवर बसवून ताण देणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा जिना भेटतो. मी तो इतक्या वेळा दुरुस्त केला आहे की तपासण्यांचा एक क्रम आता हाताला बसला आहे. तोच इथे देते.

जिन्यासोबत, किंवा जिन्याऐवजी, हेही दिसतं:

- पट्टी वाकवून स्थिर ठेवली तरी आकडा मिनिटंच्या मिनिटं सरकत राहतो.
- पहिल्या फेरीत मोठा बदल, नंतरच्या फेऱ्यांत त्याच्या निम्माही नाही.
- एकाच पट्टीवर शेजारी असलेल्या दोन डिव्हाइसांचे गेज फॅक्टर दहापटीने वेगळे.
- करंटची दिशा उलटी केली की ताणाचा परिणामही वेगळा येतो.
- मधूनच आकडा उडी मारतो, आणि कधी परत येतो, कधी येत नाही.

इथे ताण म्हणजे स्ट्रेन, लांबी किती टक्क्यांनी वाढली तो आकडा. आणि गेज फॅक्टर म्हणजे रेझिस्टन्समधला सापेक्ष बदल भागिले ताण.

तपासायला बसण्याआधी

ताणाने वहन बदलतं यात शंका नाही. लोखंडाच्या आणि तांब्याच्या तारा ओढल्या की त्यांचा रेझिस्टन्स बदलतो हे केल्विनने १८५६ मध्ये दाखवलं होतं, आणि सिलिकॉन व जर्मेनियममध्ये तो परिणाम किती मोठा असतो हे चार्ल्स स्मिथने १९५४ मध्ये मोजलं. प्रश्न एवढाच असतो की तुम्हाला दिसलेला बदल नेमका कुठे घडला. जागा चार आहेत.

पहिली, नुसता आकार. तार लांब झाली, बारीक झाली. एवढ्याने गेज फॅक्टर दोनच्या आत-बाहेर राहतो. साधे धातू इथेच बसतात. दुसरी, पदार्थाची ऊर्जापट्ट्यांची रचना, म्हणजे आतल्या इलेक्ट्रॉनांना कोणत्या ऊर्जा मिळू शकतात ते. सिलिकॉनमध्ये यामुळे गेज फॅक्टर शंभराच्या पुढे जातो. कार्बन नॅनोट्यूबमध्ये एक टक्का ताणाने बँड गॅप (वहनासाठी इलेक्ट्रॉनला ओलांडावी लागणारी ऊर्जेची दरी) जास्तीत जास्त १०० मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास सरकू शकतो, आणि वाढणार की घटणार हे कार्बनची जाळी ट्यूबमध्ये कोणत्या कोनात गुंडाळली आहे त्यावर ठरतं. म्हणून दोन नॅनोट्यूब अगदी उलट वागल्या तर तो बिघाड नाही. ग्राफीनमध्ये मात्र एका दिशेला ताण देऊन गॅप उघडायला गणितानुसार २० टक्क्यांहून जास्त ताण लागतो. एक टक्का वाकवून कुणी ग्राफीनचा गॅप उघडल्याचं सांगू लागलं तर मी आधी त्यांच्या पट्टीकडे बघते.

तिसरी जागा म्हणजे कणाकणांमधल्या फटी. नॅनोवायरची जाळी किंवा नॅनोकणांची फिल्म असेल तर करंट एका कणावरून दुसऱ्यावर टनेलिंगने, म्हणजे कण न भिडताही मधली फट पार करून जातो, आणि फट ०.१ नॅनोमीटरने रुंदावली तर तो करंट साधारण दहापटीने पडू शकतो. अशा फिल्मचे प्रचंड गेज फॅक्टर खरे असतात, पण ते जाळीचे असतात, चांदीचे नव्हेत. आणि चौथी जागा कॉन्टॅक्ट, म्हणजे बाहेरची तार फिल्मला जिथे जोडली जाते ती. माझ्या अनुभवात जिना बहुतेक वेळा इथेच सापडतो.

तपासणी १: काहीच करू नका, फक्त बघा

पट्टी स्टेजवर (वाकवणाऱ्या यंत्रावर) लावा, करंट चालू करा आणि अर्धा तास हात लावू नका. वाकवण्याच्या प्रयोगात जेवढ्या वेगाने आकडे नोंदवता तेवढ्याच वेगाने नोंदवा. या अर्ध्या तासात रेझिस्टन्स जेवढा सरकला, तेवढ्या बदलावर ताणाचा हक्क नाही.

याला काही खर्च नाही, म्हणूनच बहुधा हे कुणी करत नाही. २००६ मध्ये सिलिकॉन नॅनोवायरमध्ये अतिप्रचंड पायझोरेझिस्टन्स (ताणाने रेझिस्टन्स बदलणं) सापडल्याचं बर्कलीहून प्रसिद्ध झालं आणि साऱ्या क्षेत्राचं लक्ष तिकडे गेलं. २०१० मध्ये मिल्न, रो, आर्सकॉट आणि रेनर यांनी ताण सतत आलटूनपालटून लावत मोजमाप केलं. त्यात दिसलं की पृष्ठभागावरच्या चार्जमुळे रेझिस्टन्स ताणाशिवायही वाहत जातो, म्हणजे आपोआप सरकत राहतो, आणि हे वाहणं ताणाचा परिणाम म्हणून मोजलं जाऊ शकतं. ते वाहणं वेगळं काढल्यावर त्यांच्या नमुन्यांत नेहमीच्या सिलिकॉनइतकाच परिणाम उरला. इतक्या काळजीने काम करणाऱ्या क्षेत्रात हे घडू शकतं, तर आपल्या टेबलावरही घडू शकतं.

वाहणं सापडलं तर ते कशाचं आहे हेही इथेच बरंचसं कळतं. करंट बंद करा, थोडा वेळ थांबा, पुन्हा चालू करा. वाहणं नव्याने सुरू झालं तर कारण तापणं किंवा चार्ज अडकणं हे आहे. करंटशी संबंध नसेल आणि पट्टी वाकवल्यावर आकडा एका दिशेला, सरळ केल्यावर उलट दिशेला सरकत असेल, तर खालचं पॉलिमर सैलावतं आहे. मॉलिब्डेनम डायसल्फाइड असेल तर आणखी एक करा: झाकण लावून अंधारात ठेवा. उजेडाने वाढलेला करंट त्यात तासन्‌तास रेंगाळतो.

तपासणी २: सॅम्पलच्या जागी साधा रेझिस्टर

सॅम्पल काढा. त्याच दोन तारांमध्ये १ किलो-ओहमचा साधा रेझिस्टर लावा आणि वाकवण्याचा पूर्ण प्रोग्रॅम, मोटरसकट, जसाच्या तसा चालवा. रेझिस्टरला ताण बसत नाही, त्यामुळे आलेख सपाट रेघ यायला हवा. नाही आला, तर दोष तारांत, कनेक्टरात किंवा मोटरच्या विद्युत गोंगाटात आहे. सॅम्पल लाखो ओहमचं असेल तर रेझिस्टरही तेवढाच घ्या. मोठ्या रेझिस्टन्सला हलणारी केबल स्वतःच घर्षणाने चार्ज निर्माण करते आणि तो करंट म्हणून मीटरवर येतो. केबल स्टेजलगत टेपने घट्ट बसवली की बहुतेक उड्या तिथेच थांबतात.

ही तपासणी करताना सॅम्पलच्या तारा काढा-घाला कराव्या लागतात, तेव्हा मनगटाला अर्थिंगचा पट्टा हवाच. दोन्ही टोकं आधी एकमेकांना जोडा, मग हात लावा. अंगावरचा चार्ज नॅनोवायर जाळायला पुरेसा असतो, आणि जळलेली वायर साध्या सूक्ष्मदर्शकात शाबूत दिसू शकते.

तपासणी ३: करंट अर्धा करा, मग उलटा करा

करंट अर्धा केला की उष्णता चौथाई होते. रेझिस्टन्सचा आकडा बदलला तर तुम्ही सॅम्पल तापवत आहात. प्लॅस्टिकची पट्टी उष्णता फारशी वाहून नेत नाही, त्यामुळे सिलिकॉनवर चालून गेलेला करंट पट्टीवर चालेलच असं नाही.

मग करंटची दिशा बदला आणि दोन्ही आकड्यांची सरासरी घ्या. दोन वेगळे धातू जिथे जुळतात तिथे तापमानातल्या फरकामुळे दर अंशाला काही मायक्रोव्होल्टचं व्होल्टेज तयार होतं. तुमचं सॅम्पल १०० ओहम आणि करंट १ मायक्रोअँपियर असेल तर मोजायचं व्होल्टेजच १०० मायक्रोव्होल्ट आहे. त्यात ५ मायक्रोव्होल्ट परके आले तर ५ टक्क्यांचा बदल फुकट दिसला.

दिशा बदलल्यावर ताणाचा परिणामच उलटा झाला, तर लगेच निराश होऊ नका. मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा एकच थर, किंवा थरांची विषम संख्या असेल, तर तो पदार्थ पायझोइलेक्ट्रिक असतो, म्हणजे ताण दिला की त्यात चार्ज तयार होतो. २०१४ मध्ये हे प्रयोगाने दिसलं. ताणाने एका कॉन्टॅक्टवरचा अडथळा चढतो आणि दुसऱ्यावरचा उतरतो, म्हणून दिशा बदलली की परिणाम उलटतो. सम थरांत हे दिसत नाही. तुमच्या सॅम्पलमध्ये थर किती हे माहीत असेल तर इथे खऱ्या परिणामाची खूण हाती लागू शकते.

तपासणी ४: तापमान

सोन्याचा रेझिस्टन्स एका अंशाला सुमारे ०.३४ टक्के वाढतो, पातळ फिल्ममध्ये थोडा कमी. गेज फॅक्टर २ धरला तर ०.१ टक्का ताणाने मिळतात ०.२ टक्के. म्हणजे खोलीचं तापमान एका अंशाने हललं की संपूर्ण संकेत बुडाला. मोटर तापते, दिवा तापतो, जवळ वाकून बघणाऱ्याचा श्वासही लागतो.

उपाय स्वस्त आहे. त्याच पट्टीवर, पण वाकत नाही त्या टोकाला, तसंच दुसरं डिव्हाइस ठेवा आणि दोघांना ब्रिजमध्ये (दोन रेझिस्टन्समधला फरक मोजणाऱ्या सर्किटमध्ये) जोडा. तापमान दोघांना सारखं लागतं आणि वजा होतं. सिलिकॉन रबरच्या पट्टीला हे विशेष लागू आहे, कारण ते रबर दर अंशाला सुमारे ०.०३ टक्के फुगतं. दहा अंशांत ०.३ टक्के ताण, तोही न वाकवता.

तपासणी ५: ताण खरंच तेवढा आहे का

वाकवलेल्या पट्टीच्या बाहेरच्या पृष्ठभागावरचा ताण म्हणजे पट्टीची जाडी भागिले वक्रतेच्या त्रिज्येची दुप्पट. १२५ मायक्रोमीटरची पट्टी ५ मिलिमीटर त्रिज्येच्या दांड्यावर गुंडाळली तर १.२५ टक्के. इथपर्यंत सगळे करतात. पण पट्टी दांड्याला सगळीकडे चिकटते का हे बाजूने फोटो काढून बघा. टोकांशी ती उचललेली असते आणि तिथला ताण कमी असतो. तीन आधारांवर वाकवत असाल तर मधोमध सर्वाधिक आणि कडेला शून्याकडे जाणारा ताण मिळतो, म्हणून दोन मिलिमीटर बाजूला असलेलं डिव्हाइस वेगळा गेज फॅक्टर दाखवणारच. चार आधारांवर वाकवलं तर आतल्या दोन आधारांमध्ये ताण सारखा राहतो. ‘शेजारच्या डिव्हाइसांत दहापट फरक’ या तक्रारीतला काही भाग इतक्यावर मिटतो.

तपासणी ६: कॉन्टॅक्ट

इथे घाई करू नका.

आधी दोन प्रोबने मोजा, मग चार प्रोबने: बाहेरच्या दोघांतून करंट, आतल्या दोघांवर व्होल्टेज. तीच पट्टी, तीच फेरी. चार प्रोबमध्ये जिना नाहीसा झाला, किंवा गेज फॅक्टर ४० वरून ३ वर आला, तर पदार्थ निर्दोष आहे आणि कॉन्टॅक्ट दोषी. हे टाळू नका, कारण दोन प्रोबच्या आकड्यात कॉन्टॅक्टचा रेझिस्टन्स मिसळलेलाच असतो आणि त्या एका आकड्यातून तो गणिताने नंतर वेगळा होत नाही.

मग सूक्ष्मदर्शक घ्या, दहापट वस्तुभिंग पुरे. चांदीच्या पेस्टचा थेंब जिथे पातळ होत फिल्मवर उतरतो त्या काठावर नजर ठेवा आणि स्टेज हळूहळू वाकवा. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा तीन आठवडे ग्राफीनला दोष देऊन झाला होता. थेंबाच्या काठावर केसाएवढी रेघ होती. पट्टी वाकली की रेघ काळी होऊन उघडायची, सरळ झाली की मिटायची. पण मिटताना दोन्ही कडा तंतोतंत जुळत नव्हत्या. चांदीचा एखादा कण मध्ये अडकायचा आणि फट थोडी उघडीच राहायची. प्रत्येक फेरीत थोडी जास्त. मीटरवरचा जिना तो होता, पायरी न्‌ पायरी.

उपाय म्हणजे पेस्ट वाकणाऱ्या भागात ठेवायचीच नाही. सॅम्पलपासून सोन्याची पातळ पट्टी काढून ती न वाकणाऱ्या टोकापर्यंत न्या, पेस्ट किंवा वाहक इपॉक्सी तिथे लावा, आणि वाकणारा भाग मोकळा ठेवा. सोनं थेट प्लॅस्टिकवर बसत नाही, सालीसारखं निघतं. खाली काही नॅनोमीटर टायटॅनियम किंवा क्रोमियम लागतं. पण हा थर जाड करू नका. क्रोमियम ठिसूळ आहे, त्याला तडा गेला की वरचं सोनंही त्याच रेघेत फाटतं.

तपासणी ७: उलट्या बाजूने वाकवा

आता पट्टी पालटा, म्हणजे फिल्म आतल्या बाजूला येईल आणि दाबली जाईल. पदार्थाचा स्वतःचा परिणाम असेल तर लहान ताणाला रेझिस्टन्सचा बदल दिशा पालटतो आणि आकाराने साधारण तेवढाच राहतो. तडे असतील तर असं होत नाही: ताणल्यावर ते उघडतात आणि बदल मोठा येतो, दाबल्यावर मिटतात आणि बदल नगण्य येतो. दोन्हीकडे रेझिस्टन्स वाढत असेल तर फिल्म सुटून उचलली जात आहे का ते बघा. ही तपासणी ताण अगदी कमी ठेवूनच करायची. दाबताना उचललेली फिल्म पुन्हा बसत नाही.

गेटची (ज्याच्या व्होल्टेजने फिल्ममधले चार्ज वाहणारे कण कमी-जास्त करता येतात त्या इलेक्ट्रोडची) सोय असलेलं ग्राफीन असेल तर याच टप्प्यावर प्रत्येक ताणाला गेट व्होल्टेजचा पूर्ण फेरा घ्या. रेझिस्टन्सच्या वक्राचं शिखर नुसतं बाजूला सरकलं असेल, तर पाणी किंवा गोंदाने या वाहक कणांची संख्या बदलली आहे. शिखर जागेवर राहून वक्राचा आकार बदलला, तरच ताणाकडे बोट दाखवायला आधार मिळतो. एकाच गेट व्होल्टेजवर मोजून हा फरक कधीच कळत नाही.

तपासणी ८: फिल्म पट्टीवर घसरते आहे का

इथून उपकरण महाग होतं. ग्राफीन पट्टीला फक्त व्हॅन डर वाल्स नावाच्या दुबळ्या आकर्षणाने धरून असतं. त्याचा यंग मापांक (कडकपणाचा आकडा) १ टेरापास्कल, सिलिकॉन रबरचा काही मेगापास्कल; म्हणजे लाखो पट मऊ गोष्ट कडक गोष्टीला ओढायला निघाली आहे. पट्टी ताणली जाते, ग्राफीन मागे राहतं, आणि पट्टी परतली की त्यावर सुरकुती उरते. पहिल्या फेरीतला मोठा बदल आणि नंतरचा छोटा, या लक्षणाचं हे एक मोठं कारण.

हे रमन वर्णपटात, म्हणजे लेझर पाडून विखुरलेल्या प्रकाशाच्या वर्णपटात, थेट दिसतं. ताण एका दिशेला असेल तर ग्राफीनचं ‘२डी’ नावाचं शिखर दर टक्क्याला साधारण ६० प्रति सेंटीमीटरने खाली सरकतं. पट्टीला एक टक्का दिला आणि शिखर पंधरानेच सरकलं, तर पाव टक्काच पोहोचला आहे, आणि तुमचा गेज फॅक्टर चौपट कमी धरला गेला आहे. लेझरची शक्ती १ मिलिवॅटच्या खाली ठेवा, नाहीतर तापून सरकलेलं शिखर तुम्ही ताणाच्या नावे लिहाल. घसरण सापडली तर ग्राफीनच्या दोन्ही टोकांवर धातूच्या पट्ट्या चढवून ते पकडून ठेवा, किंवा वरून पॉलिमरचा पातळ थर द्या.

इथे थांबा

आठ तपासण्या होऊनही जिना कायम असेल, तर पुढचं काम स्वतः करू नका.

कणसीमांवरचे (फिल्ममधले स्फटिककण जिथे जुळतात तिथले) तडे शोधायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. त्याचा किरण मॉलिब्डेनम डायसल्फाइडसारख्या पदार्थात दोष पाडतो आणि सॅम्पलवर कार्बन जमवतो, म्हणून ते रोज चालवणाऱ्या माणसाकडून, आणि सगळी विद्युत मोजमापं संपल्यावरच करून घ्या. पायझो स्टेजचा (व्होल्टेजने हलणाऱ्या स्टेजचा) कंट्रोलर बिघडला तर खोक्याचं झाकण उघडू नका. आत शंभर व्होल्टच्या वर असतं आणि स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये टिकून राहतं. कोरड्या नॅनोट्यूबची भुकटी उघड्या टेबलावर हाताळू नका, श्वासातून ती फुप्फुसात जाते. आणि अधांतरी ताणलेलं डिव्हाइस बनवायला सिलिकॉन ऑक्साइड हायड्रोफ्लुओरिक आम्लाने खरवडावं लागत असेल, तर ते काम फक्त त्याचं प्रशिक्षण घेतलेल्या आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी ठेवणाऱ्या माणसाचं आहे. ते आम्ल त्वचेतून आत जातं, आणि सौम्य असेल तर वेदना काही तासांनी सुरू होते. तोवर इजा खोल गेलेली असते.

मदतीला जाताना सोबत चार आलेख न्या: अर्ध्या तासाची न वाकवता घेतलेली नोंद, रेझिस्टर लावून चालवलेली फेरी, दोन प्रोब आणि चार प्रोब एकाच कागदावर, आणि दोन्ही बाजूंना वाकवलेली फेरी. प्रत्येकावर करंट, तापमान आणि पट्टीची जाडी लिहा. हे चार कागद समोर असतील तर समोरच्या माणसाला पहिला प्रश्न विचारावा लागत नाही, तो थेट सॅम्पल भिंगाखाली धरतो.